इतर

थुंकी पाठवून सात आठवडे झाले, मग आकडा आला.
एक हजार सातशे अठ्ठेचाळीस.
एकक नवं आहे, सेंटीमॉर्गन,
पण आकड्यांना मी भीत नाही.
झाशी रोडवर, महालेखाकार कार्यालयात,
वाळ्याच्या पडद्यामागे एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यात.

कस्तूरी रावत, वय त्रेसष्ट, सबलगढ.
नातीने हौसेने नळी भरून घेतली म्हणे.
नावापुढे लिहिलंय: निकट कुटुंब.
खाली बारीक अक्षरात
आजी, किंवा आत्या-मावशी, किंवा भाची,
किंवा एकाच बाजूची बहीण.
पाव हिस्सा सगळ्यांत सारखाच पडतो,
यंत्राला तेवढंच कळतं.

मी लाल पेन्सिल घेतली.
आजी नाही, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी.
भाची नाही, दादा तेव्हा जन्मलाच नव्हता.
मामेबहीण अमरजा माझ्याशी जुळते, हिच्याशी शून्य,
म्हणजे मावशी कटाप.

उरली आत्या.
बाबांनंतर, पुष्कळ उशिरा,
आजीला आणखी एक मुलगी झाली होती.
तिच्याबद्दल आजी एकच शब्द बोलायची: गेली.
मेलेली गेली, तशी दिलेलीही गेलीच.
त्या एका क्रियापदाला धरून मी दोन रात्री बसले.
आत्या असेल तर बरंच आहे की.
आत्या असेल तर बाबा भिंतीवर आहेत तसेच राहतात,
काळी टोपी, शिट्टी, काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा,
गार्ड त्र्यंबक दिघे, छोटी लाइन,
ग्वाल्हेर ते श्योपूर.
आठवड्यातून दोन रात्री मुक्काम
सबलगढ.

भाच्याने फोनवर समजावलं.
"बाप मुलीला आपला एक्स अख्खा देतो, मावशी.
आई पिसून देते, बाप नाही.
तुमचा दोघींचा या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळला
तर बहीण.
तुकड्यातुकड्यांनी जुळला तर आत्या.
तू बघतेस, की मी बघू?"

मी आधी दूध तापवलं. ते उतू गेलं.
ओटा पुसला. मग पाहिलं.

एकच निळी पट्टी.
सुमावली नाही, जौरा नाही, कैलारस नाही,
कुठेच थांबलेली नाही.

सावत्र लिहायला गेले आणि हात अडला.
त्या शब्दात सवत बसलेली आहे.
आता तिथे आईला बसवायचं?
जीवाजीगंजातल्या त्या दोन खोल्यांत
चौघांचा स्वयंपाक करून
दिवा मालवायच्या आधी हिशेब लिहिणाऱ्या माझ्या आईला?

ट्रंकेतून तिच्या वह्या काढल्या.
दूध, रॉकेल, दादाची फी, गव्हाचं दळण.
सन बासष्टपासून दर महिन्याच्या सात तारखेला
इतर, अकरा रुपये.
एकाही महिन्यात खाडा नाही.
ज्या पावसाळ्यात बाबा निलंबित होते
आणि आम्ही दोन वेळा पेज प्यायलो,
तेव्हाही: इतर, अकरा.
पुढे पंधरा. पुढे वीस.
अक्षर आईचं. बाबा वहीला कधी हात लावायचे नाहीत.

लोकांच्या खात्यातला हा शब्द दिसला
की मी फाइल परत पाठवायचे,
खुलासा करावा म्हणून.
या वह्या तर कॉलेजात असताना
मीच वर्षावार बांधून ठेवल्या होत्या.

शेवटची नोंद मे एकोणऐंशीची.
इतर: साडी १, हिरवी. काठ जरीचा.
त्यानंतर तो रकाना कोराच.

कस्तूरीचा निरोप येऊन तीन दिवस झालेत.
"आप हमारी कौन लगती हैं?" एवढंच विचारलंय तिने.
त्याचं उत्तर देईन,
निळ्या पट्टीसकट देईन.
पण आधी मला तिच्याकडून एक हवंय.
अठराव्या वर्षी, लग्नात,
ग्वाल्हेरहून आलेलं एक पुडकं,
त्यात हिरवी साडी,
मिळाली होती का?
वहीत रक्कम आहे, तारीख आहे.
पावती जोडलेली नाही.